इब्न गबिरोल : तत्त्वज्ञ बाजूला ठेवून फक्त कवी वाचावा का?

धागाकर्ता : स्पेनमधला ज्यू कवी-तत्त्वज्ञ शलोमो इब्न गबिरोल (जन्म मालागा, १०२१-२२च्या सुमारास) कवी म्हणूनच वाचावा, असं माझं ठाम मत आहे. त्याचा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ 'फॉन्स व्हिटे' ('जीवनाचा झरा') बायबल किंवा तालमूद (ज्यू धर्मशास्त्राचा संग्रह) यांचा आधारच घेत नाही. मूळ अरबी प्रत हरवली. बाराव्या शतकात तोलेदोत झालेलं लॅटिन भाषांतर 'अव्हिसेब्रोन' या नावाने फिरलं आणि तो मुसलमान किंवा ख्रिस्ती अरब समजला गेला. अखेर १८४६ साली सालोमोन मुंक या अभ्यासकाने पॅरिसमध्ये ओळख पटवली, की अव्हिसेब्रोन म्हणजेच इब्न गबिरोल. ज्या ग्रंथातून लेखकाचा धर्मही कळत नाही, तो ज्यू वाङ्मयाचा कसा? याउलट त्याची दीर्घ प्रार्थना-कविता 'केतेर मल्खूत' सेफार्डी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) परंपरेत आजही योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणतात.

प्रतिसाद १ : पूर्ण असहमत. 'केतेर मल्खूत'चे ४० खंड आहेत, त्यातला नववा उघडा. ईश्वराच्या प्रज्ञेतून 'इच्छा' निघते आणि कारागिरासारखी शून्यातून अस्तित्व ओढून काढते. 'फॉन्स व्हिटे'तही ईश्वर आणि द्रव्य-आकार (वस्तू ज्याची बनते ते आणि तिला मिळणारं रूप) यांच्यामधला दुवा हीच 'इच्छा'. ती माहीत नसेल तर हा खंड नुसती स्तुती वाटतो. पुढे कवितेत त्या काळच्या खगोलकल्पनेतले ग्रहगोल येतात : चंद्र पृथ्वीच्या ३९व्या भागाएवढा, सूर्य पृथ्वीच्या १७० पट. नवव्या गोलापलीकडे दहावा, बुद्धीचा. ही सगळी चढण तत्त्वज्ञाचीच आहे.

धागाकर्ता : चढणीनंतर पापांची कबुली आहे, ती विसरू नका. कवितेत माणूस ईश्वराला 'तू' म्हणून हाक मारतो. 'फॉन्स व्हिटे' हा संवाद आहे, त्यात गुरु-शिष्य ईश्वराबद्दल बोलतात. संकल्पना तीच असेल, पण भक्ती कुठे आहे?

प्रतिसाद २ : दोघंही फक्त लॅटिन प्रतीवर विसंबताय. मुंकला सापडला तो शेम तोव्ह इब्न फलाकेराने तेराव्या शतकात हिब्रूत केलेला सारांश. त्यात संवाद गाळलाय, फक्त युक्तिवाद राहिलाय. म्हणून आधी लॅटिनचे पाचही भाग वाचावेत, मग शंकास्थळं फलाकेराशी ताडून पाहावीत. उलट क्रमाने गेलात तर शिष्याच्या शंका हातून निसटतात आणि ग्रंथ कोरडा वाटतो.

आणि धर्म कळत नाही म्हणून ग्रंथ परका ठरत नाही. देवदूत आणि आत्म्यांतही द्रव्य असतं, या त्याच्या सिद्धान्तावर ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने टीका केली, फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या लोकांनी तो उचलला. केवळ ईश्वराला द्रव्य नाही, बाकी सगळ्याला आहे. निर्माता आणि निर्मिती यांत इतकी काटेकोर रेघ ओढणं ही भक्तीच आहे.