मदत हवी आहे: स्तनाच्या ऑपरेशननंतर आईचा हात वर जात नाही, घरी कोणते व्यायाम करावेत?

शेवंती
आई ५६ वर्षांची. डावा स्तन आणि काखेतल्या गाठी काढून आज १९ वा दिवस. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) नवव्या दिवशी काढली, टाके कोरडे आहेत, ताप नाही. हात समोरून खांद्याच्या रेषेपर्यंतच येतो. पुढे नेला की काखेपासून कोपरापर्यंत आत सुतळी ताणल्यासारखी दिसते आणि दुखते. दहा दिवसांनी केमो, त्यानंतर रेडिएशन. तालुक्याला फिजिओ नाही. शेजारच्या काकू म्हणतात, हाताला पूर्ण आराम द्या, नाहीतर तेलाने रगडून ती दोरी मोकळी करा. काय करू?

फिजिओ_मिरज
शेवंतीताई, दोन्ही नको. काखेतल्या गाठी काढल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशी दोरी बऱ्याच जणींना येते. हात वापरात राहिला तर ती बहुधा काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत सैल पडते. रगडल्याने जखमेच्या जागी सूज वाढते. आराम दिला तर खांदा आखडतो, आणि रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. तो तिथपर्यंत पोचला नाही तर उपचार अडतो, म्हणून हे दिवस वाया घालवू नका. मात्र सर्जनना फोन करून 'खांद्याच्या वर हात न्यायला हरकत नाही ना' एवढं आधी विचारा.

परवानगी मिळाली की सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक प्रकार ५ ते ७ वेळा:

आईंना पाठीवर झोपवा, गुडघे दुमडलेले. मॉपचा दांडा दोन्ही हातांनी पोटावर धरायचा, हातांत खांद्याइतकं अंतर. उजव्या हाताच्या जोराने डावा हात डोक्याकडे न्यायचा. ताण जाणवला की थांबून पाच सेकंद मोजायचे आणि सावकाश खाली. श्वास रोखायचा नाही.

मग तसंच झोपून बोटं मानेमागे गुंफायची, कोपरं छताकडे. ती हळूहळू बाजूला सोडत गादीकडे न्यायची. सुरुवातीला गादीला टेकणार नाहीत, जोर लावू नका.

तिसरा भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची, जिथे थांबेल तिथे खडूने खूण करायची. इथे एक चूक हमखास होते: हात वर जावा म्हणून खांदा कानाशी उचलला जातो आणि कंबर मागे वाकते. खूण वर सरकते, खांदा मात्र होता तिथेच राहतो. शेजारी उभं राहून तुम्ही खांद्यावर हलका हात ठेवा, उचलला गेला की लगेच कळेल.

ताण पाच-दहा मिनिटांत ओसरला तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखलं किंवा काखेखाली पाणी साठल्यासारखा फुगवटा दिसला तर वेळा निम्म्या करा. फुगवटा वाढत गेला तर सर्जनना दाखवा.

ऑन्को_नर्स
वरच्या सगळ्याला +१. केमोच्या दिवसांत व्यायाम बंद करायची गरज नसते, कमी-जास्त करायचा. सुरुवातीला दिवसातून दोनदा दहा मिनिटं चालणं, बोलता येईल इतक्या वेगाने. झेपेल तसं सलग तीस मिनिटांपर्यंत, आठवड्यातून तीन दिवस तरी. केमोनंतर साधारण ७ ते १४ व्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, तेव्हा गर्दीत फिरायला नेऊ नका. ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर व्यायाम थांबवून त्याच वेळी हॉस्पिटलला फोन. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलणं नको. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर त्या दिवसाचा व्यायाम संपला, आणि डॉक्टरांना कळवायचं. काही औषधांनी तळपाय बधिर होतात. मग ओट्याला धरूनच उभं राहायचे व्यायाम करा.

शेवंती
फार आभार. भरलेली कळशी, कुकर हे कायमचं बंदच का? आईला त्याचीच चिंता आहे.

फिजिओ_मिरज
नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, म्हणून 'त्या हाताने कधीच काही उचलू नका' असं सांगत, पण हा सल्ला जुना. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला हाताची सूज आधीच असलेल्या १४१ स्त्रियांवर अभ्यास झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचलल्याने सूज वाढली नाही, उलट ती अचानक वाढण्याचे प्रसंग कमी झाले. व्यायाम करताना त्या स्त्रिया सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही हातावर घालत. कळीचा शब्द 'हळूहळू'.

साधारण सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली घ्या. कोपर दुमडून वर-खाली १० वेळा, आठवड्यातून दोन दिवस. दोन आठवडे काही त्रास नसेल तरच वजन थोडं वाढवा. मध्ये आठवडाभर खंड पडला तर परत कमी वजनापासून. एकदम भरलेली कळशी उचलायची नाही.

आणि आजच एक काम करा. मनगटापासून वर दर १० सेंमीवर दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून वहीत लिहा. मापं पुढे त्याच खुणांवर, दर पंधरा दिवसांनी घ्या. दोन्ही हातांतला फरक आजच्यापेक्षा २ सेंमीने वाढला, किंवा बांगडी, ब्लाउजची बाही रुतायला लागली तर वाट न बघता दाखवा. हात लाल आणि गरम झाला, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी.