मदत हवी आहे: लघवीच्या नमुन्यात पीक दबतोय
दादा-ताईंनो, परभणीकडं कापसावर फवारणी करणाऱ्यांच्या लघवीत मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा माग काढतोय. मूळ औषध अंगात फार टिकत नाही, म्हणून ते फुटून तयार होणारं डायमिथाइल फॉस्फेट मोजतो. एलसी-एमएस/एमएस (कॉलममधून घटक वेगळे करून त्यांचे आयन वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र), निगेटिव्ह मोड म्हणजे ऋण आयन, १२५ वस्तुमानाचा आयन फोडून ७९ चा तुकडा मोजतो. पाण्यातल्या स्टँडर्डचा (माहीत मात्रेच्या शुद्ध नमुन्याचा) पीक (आलेखावरचा, रानातलं नव्हे) सुळक्यासारखा येतो. तेवढंच लघवीत घातलं की निम्म्यावर! सी-१८ कॉलमवर (तेलकट रेणू धरून ठेवणारा नेहमीचा कॉलम) हे बेणं थांबतच नाही, क्षारांसोबत सुरुवातीलाच निसटतं. नमुने फवारणीनंतर संध्याकाळचे, कोऱ्या चहासारखे गडद. पाचपट पातळ केले की सिग्नल कमी दबतो, पण कमी मात्रेवाले हातचे जातात. ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) इंटर्नल स्टँडर्ड मागवलंय, म्हणजे तोच रेणू ठरलेल्या मात्रेत नमुन्यात घालून तुलना करायची. गाईड म्हणतात, तेवढं बास. मला पटत नाही, मुळात सिग्नलच खचला तर ते काय करणार? कुणी हिलिक कॉलम (पाण्यात सहज विरघळणारे रेणू धरून ठेवणारा) वापरलाय का? की आधी एसपीई (कार्ट्रिजमधून गाळून नमुना साफ करणं) करू? कोणतं कार्ट्रिज?