दूधही सोडलेल्या मुलीच्या जेवणात लोह कसे वाढवावे?

प्रश्न (कोथरूडची आई): माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने मांसाहार कधीच केला नव्हता, आता दूध, दही आणि तूपही सोडले आहे. तिचे हिमोग्लोबिन १०.४ आले असून फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती घेत आहे, त्यामुळे माझा प्रश्न गोळ्या थांबल्यानंतरच्या रोजच्या ताटाबद्दल आहे. सध्या आमचा भर पालक, बीट आणि खजूर यांवर आहे. जेवण झाले की आमच्याकडे लगेच चहा होतो, हेही सांगून ठेवते.

उत्तर १ (आहारशास्त्राची विद्यार्थिनी): बिटाचा रंग पाहून आपण फसतो, १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसते. पालकात तेवढ्याच वजनाला सुमारे तीन मिलिग्रॅम असते, पण त्यातले फार थोडे अंगी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४, कुळथात ८ ते ९, राजगिऱ्यात सुमारे ८ आणि अळिवात सुमारे १७ मिलिग्रॅम लोह असते. (जुन्या पुस्तकांत अळिवापुढे १०० हा आकडा छापलेला दिसतो, त्यावर विसंबून राहू नये.) प्रौढ स्त्रीसाठी आपल्याकडे दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे. हा आकडा एवढा मोठा असण्याचे कारण असे की, धान्य-कडधान्यांतील फायटेट नावाचे नैसर्गिक घटक लोहाला बांधून ठेवतात आणि आपण खाल्लेल्या लोहाचा लहानसाच भाग रक्तापर्यंत पोहोचतो.

म्हणून केवळ पदार्थ बदलून भागणार नाही, तो कशाबरोबर खाल्ला जातो हे अधिक महत्त्वाचे आहे. क जीवनसत्त्व त्याच घासाबरोबर पोटात गेले तर वनस्पतिजन्य लोहाचे शोषण स्पष्टपणे वाढते. सकाळी आवळा आणि दुपारी भाकरी असे केल्याने तो लाभ मिळत नाही. कुळथाच्या पिठल्यावर किंवा मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळावे, मात्र गॅस बंद केल्यावर, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. पेरूची कोशिंबीर त्याहूनही सरस. मोड आणल्याने फायटेट कमी होतात, हा वेगळा फायदा. अळीव दुधाऐवजी लिंबूपाण्यात भिजवावेत. तुमच्या मुलीला तसेही तेच सोयीचे आहे. चहातील टॅनिन मात्र हे सगळे बिघडवते, म्हणून चहा जेवणापासून निदान तासभर दूर ठेवावा. माझ्या मते पहिला बदल हाच असावा, कारण त्याला खर्च नाही.

उत्तर २ (लोखंडी कढईवाला): आमसूल किंवा चिंच घातलेली आमटी बिनलेपाच्या लोखंडी कढईत शिजवल्यास कढईतील थोडे लोह तिच्यात उतरते. किती उतरेल हे आंबटपणावर आणि शिजण्याच्या वेळेवर अवलंबून असल्यामुळे त्याचा हिशेब मांडता येत नाही. ती आहाराला जोड समजावी. शिजलेली आमटी कढईतच ठेवू नये, ती काळी पडते.

उत्तर ३ (बाजरीप्रेमी): बाजरीतही वाणावाणांत फरक असतो. अधिक लोह असलेले ‘धनशक्ती’ हे वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आले. महाराष्ट्रातील शाळकरी मुलामुलींना लोहयुक्त बाजरीची भाकरी रोज दोन वेळा काही महिने दिल्यावर त्यांचे फेरिटिन सुधारल्याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. दुकानात वाणाचे नाव क्वचितच कळते, पण ओळखीचा शेतकरी असेल तर जरूर विचारावे.

उत्तर ४ (निवृत्त डॉक्टर): दूधही बंद असल्याने बी-१२ ची तपासणी करून घ्या. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे त्यासाठी पूरक गोळी लागेलच. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तो चालू राहिला तर नुसत्या आहाराने ही तूट भरून निघणे अवघड आहे. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेले म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. साठा भरायला त्यानंतरही काही महिने लागतात आणि तो भरला की नाही हे फेरिटिनच सांगते.