१०० पैकी ४० घरटी यशस्वी, तरी यश ४०% का नाही?

प्रश्न: कॅनडा-अमेरिकेच्या प्रेअरीतल्या मॅलार्ड बदकांची आकडेमोड शिकतेय. १०० घरटी सापडली, ४० मधून पिल्ले निघाली. तरी यश ४०% धरू नये म्हणतात. का?

प्रतिसाद १: कोल्हे, स्कंक अशा शिकारी प्राण्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच फस्त केलेली घरटी तुम्हाला दिसतच नाहीत. यादीत येतात ती आधीच तगलेली. म्हणून मेफील्ड पद्धत वापरा: नष्ट झालेली घरटी भागिले एकूण निरीक्षण-दिवस (प्रत्येक घरटे जितके दिवस नजरेखाली राहिले त्यांची बेरीज). समजा ते १२०० भरले, तर ६० भागिले १२०० म्हणजे ०.०५, रोज तगण्याची शक्यता ०.९५. अंडी घालणे-उबवणे मिळून साधारण ३५ दिवस. ०.९५ चा ३५ वा घात ०.१६६, म्हणजे जेमतेम १७%! मॅलार्डची संख्या टिकायला सुमारे १५% लागते, तेव्हा अगदी काठावर.

प्रतिसाद २: दोन भेटींच्या मध्ये घरटे नष्ट झाले तर त्या काळाचे निम्मेच दिवस धरा, इथे हमखास चूक होते. अंड्यांचे वय उजेडासमोर धरून ठरवा. निघताना घरट्यातली पिसे अंड्यांवर ओढा, नाहीतर कावळ्यांना आयते आमंत्रण.

प्रश्नकर्ती: हेच गणित तलवार बदकाला (पिनटेल) चालेल?

प्रतिसाद १: चालेल, पण ३५ ऐवजी त्याचे दिवस घ्या, त्याचे उबवणे २२-२४ दिवसांचे. शिवाय ते लवकर, कापणीनंतरच्या खुंटांत अंडी घालते आणि पेरणीच्या यंत्राखाली घरटी जातात. पुन्हा घरटे करण्यात ते मॅलार्डइतके चिवट नाही. म्हणून पावसाने तळी भरली तरी पिनटेल पूर्वीसारखे वाढत नाहीत.