सासरे, नवरा आणि आता मुलगी, एच पायलोरी आनुवंशिक असतं का?

फोंड्याची_आई
मुलगी सात वर्षांची, बेंबीच्या वर दुखतं म्हणून रात्री झोपेतून उठायची, शेवटी एंडोस्कोपी केली तर एच पायलोरी हा पोटातला जंतू आणि जठराला सूज निघाली. सासऱ्यांना अल्सर होता, नवऱ्यालाही मागे हेच निघालेलं, त्यामुळे सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यातच आहे ते, आणि माझी आई म्हणते विहिरीच्या पाण्यानं झालं. नक्की काय समजायचं? धाकटा दोन वर्षांचा आहे, त्याची रक्ताची टेस्ट करून घेऊ का?

डिचोलीकर_काका
आम्ही जन्मभर विहिरीचंच पाणी प्यालो, काय झालं नाही. तिखट बंद करा, पेज द्या.

लॅबवाली_म्हापसा
काका, पेज द्यायला हरकत नाही पण हा जंतू आहे हो, तिखटानं होत नाही, वॉरन आणि मार्शलना २००५ चं नोबेल मिळालं ते याच जंतूसाठी.
ताई, जंतू वारशानं येत नाही, घरातल्या माणसांकडून येतो. बहुतेकांना पाच वर्षांच्या आतच लागतो, जास्त करून आईकडून नाहीतर भावंडांकडून, लाळ, उलटी, शी यातून. घास चावून बाळाला भरवायची पद्धत असेल तर ती आधी बंद करा. उघड्या विहिरीत सेप्टिक टँकचं झिरपत असेल तर पाण्यावरही संशय घ्यायला जागा आहे, उकळून प्या. पण सासूबाईपण अगदीच चुकीचं बोलत नाहीत, कारण जंतू लागल्यावर सूज किती येणार यात जीन्सचा हात असतो, इंटरल्युकिन-१ बीटा नावाचं एक जीन आहे त्यावर बराच अभ्यास झालाय. शिवाय जंतूची जातही बघावी लागते, कॅगए नावाचं प्रथिन बनवणारी जास्त त्रास देते.
धाकट्याला काही होत नसेल तर टेस्ट नको. आणि रक्ताची तर नकोच, जंतू गेला तरी अँटीबॉडीज राहतात, मग उगाच घोळ. बहुतेकांना हा जंतू असून काहीच होत नाही.

फोंड्याची_आई
थँक्यू ताई. नवऱ्यानं तेव्हा बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडलेल्या 😑 आता मुलीला १४ दिवसांचा कोर्स दिलाय.

लॅबवाली_म्हापसा
मग त्यांचा जंतू अजून असू शकतो, डॉक्टरांना सांगून श्वासाची टेस्ट करायला लावा त्यांना. मुलीचा कोर्स पूर्ण करा, अँटिबायोटिक संपल्यावर निदान चार आठवडे थांबून शीची अँटिजेन टेस्ट (शीत जंतूचे अंश आहेत का ते बघणारी) करा, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून टेस्टआधी दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर खोटी निगेटिव्ह येते.