खुडूक कोंबडी आणि एकवीस रेघा

मुलांच्या गोष्टीतल्या गाई-बैलांनी माणसासारखं बोलावं की नाही, असा वाद रंगलाय. माझं म्हणणं, बोलू देत बापडे, पण आधी गोठ्याला शेणाचा वास तरी येऊ दे!

सहा वर्षांच्या भाचीला मी एक गोष्ट रोज थोडी थोडी सांगितली. त्यात आजी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला आलेल्या, कोंबडीला पाटीत पेंढ्यावर अंडी घालून बसवते आणि चिंगी भिंतीवर रोज कोळशाने एक रेघ ओढते. सातव्या रात्री आजी एकेक अंडं बॅटरीपुढे धरते. आत लालसर शिरांचं जाळं दिसलं की परत पाटीत, नुसतंच पिवळट दिसलं की बाजूला. 21 व्या रेघेला पहिली चोच बाहेर. एक अंडं मात्र फुटलंच नाही. "का?" म्हणून भाची हटून बसली. पिल्लू आतच मेलं, असं सरळ सांगितलं. गप्प झाली, मग म्हणाली, "पुढे सांग."

आणि सगळ्यांना सरसकट 'पिल्लू' कशाला? गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. मुलांना हे शब्द चघळायला आवडतात.

विदर्भातल्या कुणीतरी तान्ह्या पोळ्यावर लिहा ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवून मिरवणारी पोरं म्हणजे आयती गोष्ट आहे. त्यात एखाद्याच्या बैलाचं चाक वाटेतच निखळलं, तर मग विचारूच नका.