चौघांसाठी 'चार माणसांचा' तंबू? नको!

नोव्हेंबरात बायको-मुलांसह अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचंय, चार माणसांचा पॉलिएस्टरचा डोम (घुमटासारखा तंबू) पुरेल का, असं विचारलंत. नाही पुरणार. 'चार माणसांचा' म्हणजे झोपायच्या चार मॅट एकमेकींना चिकटून. ओले बूट आणि जाडजूड जॅकेटं कुठे ठेवणार? सहा-आठ जणांचाच बघा.

पण खरा प्रश्न कापडाचा आहे. कडाक्याच्या थंडीत चौघांच्या श्वासातली वाफ पॉलिएस्टरच्या आतल्या बाजूला गोठते आणि सकाळी ऊन लागलं की टपटप अंगावर गळते. (पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, पाऊस आला!) कॅनव्हासमधून ही वाफ बऱ्यापैकी बाहेर निघून जाते. म्हणून तिथले जुने शिकारी उभ्या भिंतींचा कॅनव्हासचा तंबू आणि आत लाकडाची शेगडी लावतात. धुराड्यासाठी छताला उष्णतारोधक भोक शिवलेलं हवंच. साध्या तंबूत शेगडी पेटवायचा विचारही करू नका, नायलॉन-पॉलिएस्टर ठिणगीनं वितळतं. शेगडी असली की कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म हवा आणि झरोके उघडे, कितीही गारठा असो.

तोटा वजनाचा. चौकटीसह ४०-५० किलो सहज होतात, त्यामुळे गाडी जाईल तिथेच हा थाट. आणि घरी आल्यावर पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घातलीत तर बुरशी ठरलेली.

शेगडी पहाटे विझतेच, तेव्हा मॅटवर कंजुषी नको. आर-व्हॅल्यू (जमिनीचा गारठा अडवायची क्षमता) ५ च्या वरची घ्या, मुलांसाठीसुद्धा.